घरघर

आमच्या घरात सध्या डालड्याचा एक रिकामा डबा गुणगुणतो.

रिकामा म्हणजे आत डालडा नाही, इतकंच. बाकी बरंच काही आहे. दोन ट्रान्झिस्टर, अकरा रेझिस्टर, सात कपॅसिटर, माझ्या २३ संध्याकाळी आणि सौ.च्या हिशेबाप्रमाणे घरखर्चातले ९४० रुपये. या वस्तूला मायक्रोफोन प्रीअँप्लिफायर असं भारदस्त नाव आहे. माइकमधून येणारा दुबळा आवाज पुढच्या यंत्राला ऐकू जाईल इतका धट्टाकट्टा करायचा, एवढंच त्याचं काम. पण आमच्या घरात त्याला 'यांचं ते' म्हणतात. "यांचं ते जरा टेबलावरून उचला, पानं घ्यायची आहेत," हे वाक्य मी २३ दिवस रोज रात्री साडेआठला ऐकत होतो.

मी बँकेत कारकून. शिक्षण बी.कॉम. विजेशी माझा संबंध एरवी बिल भरण्यापुरता. नाही म्हणायला आठवीत असताना एकदा रेडिओ बनवला होता. तो लागला नाही, पण त्याचा धूर निघाला होता आणि धूर निघाला याचा अर्थ वीज आत पोचली होती, असं मी आजही मानतो. तेव्हापासून ही विद्या माझ्यात सुप्तावस्थेत होती. परवा ती जागी झाली आणि 'माझी आयर्न कुठे आहे?' असं मी घरभर विचारत सुटलो, तेव्हा सौ.नी निमूटपणे कपड्यांची इस्त्री आणि दोन शर्ट माझ्यापुढे आणून ठेवले. सोल्डरिंगचीही आयर्न असते हे तिला पटवण्यात पहिली संध्याकाळ गेली.

या सगळ्याला कारण आई. आई आता ७८ वर्षांची आहे. तिचं माहेर वाईजवळचं. लहानपणी पहाटे आईच्या आणि आजीच्या शेजारी ती जात्यावर बसायची, खुंट्याला तिसरा हात तिचा. त्या दोघींच्या सगळ्या ओव्या तिच्याकडे आल्या. पुढे गावात पिठाची चक्की आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि आई लग्न होऊन पुण्यात. पण मी लहान असताना, पंपाचा स्टोव्ह भर्र पेटवून ती भाकऱ्या थापायला बसली की हळूच एखादी ओवी निघायची. मग घरात गॅस आला, मीही मोठा झालो, आणि ओव्या कधी थांबल्या ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

लक्षात आलं ते गेल्या दिवाळीत. आईनं माझ्या मावसबहिणीला दुसऱ्याच नावानं हाक मारली. मग पाडव्याला तिला गॅसची शेगडी कुठल्या बाजूला फिरवायची ते आठवेना. डॉक्टर म्हणाले, वय आहे. डॉक्टरांनी 'वय आहे' म्हटलं की आपण समजायचं ते समजावं. त्या रात्री मला एकदम ओव्या आठवल्या. जात्यावरच्या ओव्या गोळा करणारी थोर माणसं होऊन गेली. साने गुरुजींनी त्या जमवल्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पानं तर खेडोपाडी हिंडून लाखाच्या वर ओव्या उतरवून घेतल्या. पण आमच्या आजीच्या दारात कोणी गेलेलं नव्हतं. तिचं खातं एकाच शाखेत होतं आणि ती शाखा आता बंद होऊ घातली होती.

मी मोबाइल काढला. आईनं अडखळत एक ओवी म्हटली. ऐकून पाहिलं तर सुरुवातीचे शब्द आहेत आणि शेवटचा लांबवलेला सूर गायब! चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत. ते म्हणाले, "बाबा, फोन बोलण्यासाठी असतो. सलग, बारीक आवाज आला की त्याला वाटतं पंखा चालू आहे. मग तो पुसून टाकतो." म्हणजे माझ्या आजीचा सूर फोननं पंख्याच्या खात्यात जमा केला होता.

तेव्हा मला माळ्यावरचा माइक आठवला. वडिलांचा. गल्लीतल्या गणेशोत्सवात निवेदन करायचा मान वडिलांकडे असे आणि माइक स्वतःचा असल्यामुळे तो मान कोणाला काढून घेता येत नसे. 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' हे शब्द ते अशा काही भक्तिभावानं उच्चारत की नवख्या माणसाला आरती सुरू झाल्यासारखं वाटावं. वडील २००९ साली गेले. माइकच्या जाळीला एक पोचा आहे, बाकी ठणठणीत. आई म्हणाली, "यात म्हणीन." फोनवर म्हणणार नाही, यात म्हणीन! संपलं.

आता या जातीचा माइक साधारण एक हजारांश व्होल्ट देतो. आईच्या आवाजाला त्याहूनही कमी. तो लॅपटॉपला ऐकू जायला निदान २०० पट करायला हवा. २०० पट म्हणजे किती, हे बँकेतल्या माणसाला विचारा. दरसाल दरशेकडा ७ टक्के चक्रवाढीनं एका रुपयाचे २०० व्हायला सुमारे ७८ वर्षं लागतात. बरोबर आईचं वय. हे काम दोन ट्रान्झिस्टर क्षणात करतात हे वाचलं, आणि व्याज या विषयावरचा माझा विश्वास उडाला.

"तयार मिळतं ते, बाबा," चिरंजीव म्हणाले. "तीन हजारात." आता आठवीतला धूर ज्याच्या नाकात अजून आहे, त्याला असं कोणी सांगू नये. मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून बुधवार पेठेत गेलो. तिथल्या तापकीर गल्लीत माणूस शिरला की त्याला आपण काहीही बनवू शकतो असं वाटायला लागतं. मी यादी दिली. यादीत बीसी ५४९ ट्रान्झिस्टर होते. ते नव्हते. दुकानदारानं टू-एन ३९०४ पुढे सरकवले. "एकच आहे साहेब, डोळे झाकून लावा." मी ते डोळे झाकून लावले.

सगळं जोडून बटण दाबलं. शांतता. माइकवर टिचकी मारली. शांतता. 'हॅलो, हॅलो' केलं. आतल्या खोलीतून आई "ओ" म्हणाली. यंत्र काही बोललं नाही.

अशा वेळी इंजिनिअर काय करतो मला माहीत नाही. कारकून फरक शोधतो. मी २००३ साली नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून हातानं लिहायची लेजरं होती. महिनाअखेरीला बॅलन्स काढायचा आणि तो जुळत नसे. मग आमचे हेडक्लार्क चष्मा कपाळावर चढवून विचारत, "फरकाला नऊनं भाग जातो का?" गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, ५४ चे ४५ लिहिले असावेत. फरकाचं निम्मं करून बघ, ती रक्कम सापडली तर नावेची जमेला पडली असणार. आणि काहीच लागू पडलं नाही तर लेजराचे दोन भाग कर, कुठल्या भागात फरक आहे ते बघ, मग त्याचे दोन भाग कर. "लेजराशी भांडायचं नाही," ते म्हणत. "लेजराला काय ठाऊक कुठं चुकलंय. विचारत जायचं."

मी विचारत गेलो. मल्टिमीटर लावला. ट्रान्झिस्टरच्या पहिल्या पायावर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे सहाएक व्होल्ट यायला हवेत. आले भलतेच. मधला पाय ठीक वाटत होता, कडेचे दोन गोंधळलेले. आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. चपटी बाजू आपल्याकडे धरली तर बीसी ५४९ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात. त्या ३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर! मधला आकडा बरोबर, कडेचे दोन उलटे. ४५९ च्या जागी ९५४. फरक ४९५. नऊनं भाग जातो, अकरानंही जातो! मी रात्री पावणेबाराला इतक्या मोठ्यानं "अदलाबदल!" असं ओरडलो की सौ.ला वाटलं, माझी बदली झाली.

दोन्ही ट्रान्झिस्टर फिरवून बसवले. बटण दाबलं. आवाज आला.

माझा नव्हे. 'हूंऽऽऽऽ' असा. एकसारखा, खालच्या पट्टीतला, न थकणारा. मी हॅलो म्हटलं तर त्या हूंमधून माझं हॅलो विहिरीतून आल्यासारखं यायचं. वर आईचा बटणांचा साधा फोन शेजारी असला की तो वाजायच्या आधी दोन सेकंद यंत्रातून 'टर्र-टर्र-टर्र' असा आवाज निघे. यामुळे 'आत्ता फोन येणार' असं भविष्य मला वर्तवता येऊ लागलं आणि घरात माझी किंमत थोडी वाढली. पण ओवीच्या दृष्टीनं उपयोग शून्य.

खालच्या मजल्यावरचे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आता भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून दोन मिनिटं हूं ऐकला. "पांढरी पाच," ते म्हणाले. मला वाटलं एखाद्या पार्टचा नंबर असेल. "अहो, सूर! आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. पांढरी पाचच्या अगदी शेजारचा सूर, फक्त फार खालच्या सप्तकातला. तुमच्या यंत्रात मेन्सची वीज शिरतेय." मग त्यांनी पेटीवाल्याचा सूर सोडून खात्यातला सूर लावला. "एकेक नळ बंद करून बघा, कुठून गळतंय."

पुढचे १५ दिवस मी नळ बंद करत होतो. माइकची तार काढून तोंडाशी दोन टोकं जोडली; हूं तसाच. म्हणजे माइक निर्दोष. वडिलांची अब्रू वाचली. ट्रान्सफॉर्मर सर्किटला खेटून होता, तो हातभर लांब नेला. हूं निम्म्यावर आला. लॅपटॉपचा चार्जर उपटला. आणखी थोडा उतरला. दोन ठिकाणांहून अर्थ आली की तारांचा एक वेढा तयार होतो आणि त्या वेढ्यात हूं मजेत फिरत राहतो, हे ज्ञान मला याच काळात झालं. एकच व्यवहार दोन खात्यांत नोंदला तर असंच होतं. फक्त तिथे हूं ऑडिटर करतो.

उरलेल्यासाठी सर्किट धातूच्या डब्यात ठेवायला हवं होतं. मी पोह्यांचा स्टीलचा डबा रिकामा केला. काका म्हणाले, "याला फ्रिजवरचं चुंबक लावून बघा." चिकटलं नाही. "ट्रान्सफॉर्मरचा हूं चुंबकातून येतो. त्याला लोखंडी डबा पाहिजे." सौ.नी पोहे परत भरले, बोलली काही नाही. पण त्या आठवड्यात तीनदा पोहे झाले. लोखंडी डबा आईच्या पलंगाखाली निघाला. पिवळा, ताडाच्या झाडाचं चित्र असलेला, डालड्याचा. आईनं त्यात जुनी बटणं ठेवली होती. चुंबक खाडकन चिकटलं.

मी सर्किट त्यात बसवलं, डब्याला अर्थची तार सोल्डर केली, बटण दाबलं आणि हूं दुप्पट झाला!

लेजर सुधारायला घ्यावं आणि फरक वाढावा, तसं झालं. मी डोकं धरून बसलो. आई पलंगावरून बघत होती. तेवढ्या दिवसांत एक गोष्ट माझ्या नजरेसमोर रोज घडत होती आणि मला दिसत नव्हती. यंत्र हूं करू लागलं की आई डोळे मिटून बसायची आणि तिचा उजवा हात मांडीवर हळूहळू गोल फिरायचा. मला वाटे, गुडघा चोळते आहे.

"कसलं चिकटवतोयस ते?" तिनं विचारलं.

"सोल्डर. कथील असतं त्यात. डब्याला तार जोडतोय."

"म्हणजे कल्हईच की."

"तसंच."

"मग डबा घासलास कुठं?"

मी बघतच राहिलो. "कल्हईवाला यायचा ना," आई सांगू लागली, "तो आधी भांडं वाळूनं घासून लख्ख करायचा. मग तापवायचा. मग नवसागर. भांडं तापलं नसलं तर कथील नुसतं गोळी होऊन बसतं, धरत नाही. नखानं उडतं." पाडव्याला शेगडीचं बटण न आठवणारी बाई मला पन्नास-साठ वर्षांपूर्वीची कल्हई पायरी-पायरीनं सांगत होती.

मी डब्यावरच्या जोडाला नख लावलं. टप्पकन उडाला. खाली पिवळा रंग जसाच्या तसा. तार रंगावर बसली होती, लोखंडाला तिचा स्पर्शच नव्हता. डबा अधांतरी, त्यामुळे तोच हूं गोळा करून आत वाटत होता. आतले जोडही मग एकेक तपासले. सोल्डर नीट धरलं तर जोड चकचकीत दिसतो. एक करडा, गोळीसारखा निघाला. नेमका अर्थचाच. आईनं स्वतः भांड्यांची घासणी आणि रांगोळी घेऊन डब्याचा कोपरा घासला. मी आयर्न पुरेशी तापू दिली. नवसागराऐवजी सोल्डरच्या तारेत राळ असते, तिचा वास आल्यावर आई म्हणाली, "हां, आता धरलं."

बटण दाबलं. काही नाही. आधी वाटलं पुन्हा मेलं. मग माइकवर टिचकी मारली तर स्पीकरमध्ये तोफ उडाली. सगळं जिवंत होतं आणि हूंचा पत्ता नव्हता. बॅलन्स पैशासकट जुळल्यावर हेडक्लार्क चहा मागवत. मी खाली जाऊन काकांना वर घेऊन आलो आणि सौ.नी न सांगता आलं घालून चहा टाकला.

मग आईसमोर माइक ठेवला. तिनं पदर सारखा केला. खोलीत टाचणी पडली तर २०० पट ऐकू येईल अशी शांतता. आईनं तोंड उघडलं, चार शब्द म्हटले आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबली. "पुढचं येत नाही रे." मी म्हटलं, दमली असशील, उद्या. दुसऱ्या दिवशी तीनच शब्द आले. तिसऱ्या दिवशी तिनं माइककडे पाहिलं आणि मान फिरवली. "गेल्या वाटतं," ती म्हणाली. नुसतं इतकंच. मी लॅपटॉप मिटला. हात कापत होते म्हणून चार्जर लावायला वेळ लागला. २३ दिवस मी पन्नास हेलकाव्यांशी झगडत होतो, आणि तेवढ्यात ते दुसरं खातं बंद झालं होतं.

चौथ्या दिवशी मी यंत्र आवरायला घेतलं. तार गुंडाळताना डब्याची अर्थ सुटली असावी. स्पीकर चालूच होता. हूंऽऽऽ.

"मेलं पुन्हा," मी म्हणालो आणि बटणाकडे हात नेला. सौ.नी माझा हात धरला.

आईचे डोळे मिटले होते. हात मांडीवर गोल फिरत होता. आणि ती म्हणत होती. अडखळत नव्हती. हूंच्या वर बरोबर दोन सप्तकं, पांढरी पाच. काकांना नंतर पेटीवर धरून बघायला सांगितलं. एक ओवी संपली, हात एक फेरा रिकामा फिरला, दुसरी सुरू झाली. मी पुतळ्यासारखा उभा. सौ. माझ्या कानाशी कुजबुजली, "जात्यावर बसलं की ओवी सुचते. शाळेत शिकला नव्हता म्हण?" शिकलो होतो. वाक्यात उपयोगही करून दाखवला होता, दोन गुणांसाठी. आणि पंपाचा स्टोव्ह गेला तेव्हा ओव्या का थांबल्या, हे मात्र त्या क्षणापर्यंत मला उमगलं नव्हतं.

मी मांजराच्या पावलांनी जाऊन चार्जर परत लावला. ट्रान्सफॉर्मर डब्याच्या जवळ सरकवला. घरघर वाढली, आईचा हात जरा जोरात फिरू लागला. स्पीकर तेवढा पडद्यामागे लांब ठेवला, नाही तर माइक शिट्टी मारतो. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी स्वतःच्या हातानं मुद्दाम पाडलेला हा पहिला फरक. चार संध्याकाळी मिळून ११२ ओव्या झाल्या. त्यात आजीच्या माहेरचे दोन ओढे आहेत, पंढरी आहे, एका सासूची यथेच्छ निंदा आहे (ती ऐकताना सौ. फार लक्ष देऊन ऐकत होती), आणि एका ओवीत, कोणी न सांगता, 'हॅलो हॅलो' म्हणणारा एक माणूस आहे. ती आजीची असणं शक्य नाही. मी आईला विचारलं नाही.

चिरंजीव म्हणतात, पन्नासचा तो हूं काढून टाकायला कॉम्प्युटरवर एक मिनिट लागतं. मी ती फाइल अशा ठिकाणी ठेवली आहे की त्यांना सापडणार नाही.

शेवटच्या दिवशी आईनं हात थांबवला, डोळे उघडले, पदरानं कपाळ पुसलं आणि मला म्हणाली, "बंद कर रे आता ते. दळण झालं."